इंजिन किती वेळा बदललं?

सत्तरच्या दशकात जर्मनीत एनएसयू रो ८० चालवणाऱ्यांचा एक किस्सा आजही सांगितला जातो. समोरून दुसरी रो ८० आली की हे लोक हात हलवत नसत, बोटं दाखवत. दोन बोटं म्हणजे इंजिन दोनदा बदललं, तीन म्हणजे तीनदा. किश्शाला मीठमसाला लागला असणारच, पण तो उगाच जन्मलेला नाही. ही गाडी १९६७ साली बाजारात आली आणि १९६८ ची युरोपातली सर्वोत्कृष्ट गाडी ठरली. क्लाउस लुथे यांनी काढलेला तिचा आकार आजही जुना वाटत नाही. तिचं रोटरी इंजिन मात्र सुरुवातीच्या काही वर्षांत मालकाच्या हातात फार लवकर मान टाकायचं. कंपनी वॉरंटीत इंजिनं बदलून देत राहिली आणि आधीच ओढाताणीत असलेली ती कंपनी १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. एवढा मनस्ताप देणाऱ्या गाडीचे दोन मालक एकमेकांना बघून वैतागायला हवे होते; ते हसत होते. जुन्या रोटरी स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्यांचं जे घट्ट गोत जपानपासून अमेरिकेपर्यंत दिसतं, त्याचं मूळ या हसण्यात आहे असं मला वाटतं. वेगाची हौस, तरुणपणाची आठवण, गाडीचं देखणेपण ही नेहमी दिली जाणारी कारणं खोटी नाहीत, पण ती कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडतात. रोटरीवाल्यांची गोष्ट वेगळी आहे. या इंजिनाचं ज्ञान सांभाळणारे बाकीचे सगळे एकेक करून निघून गेले आणि ते मालकांच्याच गळ्यात पडलं. त्यांची दोस्ती म्हणजे त्या ज्ञानाची राहती जागा आहे.

असं का झालं ते कळायला इंजिन आतून बघावं लागतं. नेहमीच्या इंजिनात पिस्टन खाली-वर होतो. फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेतून निघालेल्या, १९५७ मध्ये एनएसयूत पहिल्यांदा चाललेल्या या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर मधे किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फिरतो, आणि फिरता फिरता त्याच्या तीन बाजूंना हवा ओढणं, दाबणं, स्फोट आणि धूर बाहेर टाकणं चालू राहतं. हलणारे भाग इतके थोडे की माझ्दाच्या दोन रोटरच्या इंजिनात मुख्य म्हणावेत असे तीनच : दोन रोटर आणि मधला शाफ्ट. खाली-वर होणारं काही नसल्यामुळे इंजिन इतकं गुळगुळीत फिरतं की फेऱ्यांचा आकडा कुठे पोचला ते चालवणाऱ्याला कळत नाही, म्हणून माझ्दाच्या आरएक्स-७ या स्पोर्ट्स गाडीत लाल रेषेजवळ वाजणारा बझर बसवावा लागला. सगळी मेख रोटरच्या तीन टोकांवर आहे. प्रत्येक टोकाच्या खाचेत दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी बसते, तिला अपेक्स सील म्हणतात. हाउसिंगच्या भिंतीवर ती सतत घासत असते, म्हणून तिला वंगण द्यायला इंजिन स्वतःच थोडं थोडं ऑइल आत सोडतं आणि जाळतं. ऑइल जळणं हा इथे बिघाड नसून रचना आहे. ही पट्टी तुटली की भिंत खरवडते, आणि पिस्टनच्या इंजिनासारखं बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकायची सोय इथे नाही. भिंतीवरचा क्रोमचा थर गेला की हाउसिंग भंगारात. म्हणजे हौशी माणसाला घरच्या गॅरेजमध्ये उघडता येईल इतकं हे इंजिन साधं आहे, आणि त्याला ते उघडावंच लागेल इतकं नाजूकही. या दोन गोष्टी एकत्र आल्या नसत्या तर मालक एकमेकांच्या दारात गेलेच नसते.

एके काळी या इंजिनाचे चाहते मालक नव्हते, मोठमोठ्या कंपन्या होत्या. साठच्या दशकात परवान्यासाठी रांग लागली होती. मर्सिडीजने १९६९ मध्ये सी-१११ ही रोटरी गाडी दाखवली, पण ती कधी विक्रीला आणली नाही. जनरल मोटर्सने १९७० मध्ये परवाना घेतला आणि चार वर्षांत गुंडाळून ठेवला. सिट्रोएनचा प्रकार तर बोलका आहे. १९७३ मध्ये आणलेल्या जीएस बायरोटर या गाडीच्या जेमतेम ८४७ प्रती खपल्या. पुढे सुटे भाग पुरवत बसण्यापेक्षा कंपनीने गिऱ्हाइकांकडून गाड्या परत विकत घेऊन मोडीत काढायला सुरुवात केली. आज उरलेल्या बायरोटर म्हणजे ज्यांनी कंपनीला नकार दिला त्यांच्या गाड्या. ज्या वस्तूचा निर्माताच ती पुसून टाकू पाहतो, तिचा मालक तिचा वारसदार होतो, त्याची इच्छा असो वा नसो.

माझ्दा एकटी टिकली, तीही सहज नाही. हिरोशिमाच्या या कंपनीने १९६१ मध्ये एनएसयूशी करार केला आणि केनइची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर बसवले. जपानी इतिहासातल्या सत्तेचाळीस रोनिनांवरून, म्हणजे बिनधन्याच्या सामुराईंवरून, त्यांना तेच नाव पडलं. हाउसिंगच्या भिंतीवर उमटणाऱ्या लाटांसारख्या चऱ्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणातून सील घडवून त्यांनी त्यावर मात केली आणि ३० मे १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. अशा गाड्या १,१७६ बनल्या. मग १९७३ चा तेलाचा भडका उडाला. अमेरिकी सरकारच्या चाचणीत माझ्दाच्या रोटरी गाड्यांचं शहरातलं ॲव्हरेज लिटरला साडेचार-पाच किलोमीटरच्या आसपास निघालं, आणि सुमितोमो बँकेने हात दिला म्हणून कंपनी वाचली. १९७८ ची आरएक्स-७ हे त्यानंतरचं उत्तर होतं. तीन पिढ्यांत मिळून तिच्या आठ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. २००२ मध्ये ती थांबली, २०१२ मध्ये तिच्यानंतरची आरएक्स-८ थांबली, आणि हे इंजिन जाणणारे शोरूमचे मेकॅनिकही पांगले. २०२३ मध्ये माझ्दाच्या एमएक्स-३० या गाडीत रोटरी परतलं, पण बॅटरी भरणारं जनित्र म्हणून. त्याने चाकं फिरत नाहीत आणि जुन्या मालकाचा एकही प्रश्न सुटत नाही.

मालकांकडे राहिलेलं ज्ञान म्हणजे नेमकं काय? एक उदाहरण कॉम्प्रेशनचं. नेहमीच्या गॅरेजमधला गेज प्लगच्या भोकात लावला तर तो सगळ्यांत मोठा दाब पकडून तिथेच अडकतो. एका रोटरला तीन बाजू असतात. त्यातली एक मेलेली असली तरी गेज चांगलाच आकडा दाखवणार आणि गाडी घेणारा फसणार. म्हणून जाणकार एक तर खास टेस्टर वापरतात, नाही तर गेजमधला दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह काढून टाकतात आणि स्टार्टर फिरवून काट्याच्या उड्या बघतात. तीन सारख्या उड्या आल्या तर रोटर ठीक. दोन मोठ्या आणि एक लंगडी आली तर पैसे खिशातच ठेवावेत. दोन रोटरचे मिळून सहा आकडे, आणि सोबत स्टार्टर मिनिटाला किती फेरे देत होता तेही, कारण वेग वाढला की आकडा फुगतो. दुसरं उदाहरण रोजचं आहे. थंड गाडी सुरू करून दोन फूट हलवली आणि लगेच बंद केली, की ओव्हरफ्लो. पेट्रोल सीलवरचा ऑइलचा थर धुऊन नेतं, दाब जातो, आणि धडधाकट इंजिन मेल्यासारखं पडून राहतं. अशा वेळी गाडीतल्या फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर मारायचा, आत साचलेलं पेट्रोल बाहेर काढायचं आणि प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडायचं, हे कुणी सांगितलं नाही तर माणूस चांगलं इंजिन भंगारात घालेल. असं घडलेलंही असणार. सांगणारा भेटतो कुठे? योकोहामाच्या दायकोकू पार्किंगमध्ये ७ जुलैला, म्हणजे सातव्या महिन्याच्या सात तारखेला, आरएक्स-७ वाले जमतात. अमेरिकेत टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर डील्स गॅपच्या वळणांवर रोटरीवाल्यांचा मेळावा भरतो. फोटोंत दिसतात ते रंग आणि चाकं. खरा व्यवहार उघड्या बॉनेटशी चालतो. इथे फुकट दिलेला सल्ला उदारपणातून येतो तसा स्वार्थातूनही येतो. रस्त्यावर गाड्या कमी झाल्या की सील बनवणाऱ्याचा धंदा बसतो, आणि मग आपल्याही गाडीला सील मिळत नाही. यात मला काही हलकं वाटत नाही. शेतकऱ्यांची सावड याच हिशोबावर उभी आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळ्याच जुन्या यंत्रांचं असतं, आपल्याकडचे जावा-येझदीवाले बघा. बघावेतच. पण जावाचं ज्ञान कधी बेवारस झालं नाही. दोन ठोक्यांचं ते इंजिन तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीलाही पाठ होतं, आणि सामान हवं तर पुण्यात नाना पेठ होती. त्यांच्या मेळाव्यात प्रेम जास्त असतं आणि निकड कमी. रोटरीच्या मालकाला कोपऱ्यावरचा मिस्त्री कधी मिळालाच नाही, ना हिरोशिमाबाहेर ना डेट्रॉइटमध्ये. जाणणारे असतात ते वेचक आणि शंभर मैलांवर.

हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, त्यांच्या मैत्रीचं कौतुक कसलं, हा दुसरा आक्षेप. कॉस्मोपुरता तो खरा आहे. लिलावात ती लाख डॉलरच्या पुढे गेलेली आहे. आरएक्स-७ मात्र पोर्शे ९२४ परवडत नाही त्यांच्यासाठीच आली होती. पुढे वापरलेल्या रोटरी गाड्या वर्षानुवर्षं स्वस्तात मिळाल्या, कारण इंजिनाला लोक घाबरत. ती भीती ज्यांना परवडली ती बहुतेक तरुण पोरं होती, खिशात पैसे नसलेली आणि हाताला ग्रीस लावायची तयारी असलेली. तिसरा आक्षेप जास्त बोचरा आहे : हे गोत सोवळं पाळतं. आरएक्स-७ मधलं रोटरी काढून कुणी अमेरिकी व्ही-८ इंजिन बसवलं की त्याच्याकडे धर्म बाटवल्यासारखं बघितलं जातं. हे पोरकट आहे हे मान्य करायला हवं. पण त्यामागे एक कारणही आहे. त्या माणसाला आता सहा आकड्यांशी घेणं नाही, त्याचे प्रश्न दुसरीकडे सुटतात, आणि सामायिक अनुभवात भर घालणारा एक जण कमी झाला. दंतकथाही इथे भरपूर आहेत. १९९१ मध्ये माझ्दाच्या चार रोटरच्या ७८७बी ने ल मांची शर्यत जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आली, ही त्यांतली लाडकी. वास्तविक साडेतीन लिटरच्या इंजिनांचा नियम आधीच ठरलेला होता, आणि त्या विजयात ८३० किलो वजनावर धावण्याची मिळालेली सवलतही होती. अन्याय झाल्याची गोष्ट माणसं बांधायला बरी पडते, एवढाच तिचा अर्थ. ऑइल जाळणारी इंजिनं जपावीत का, हा प्रश्नही रास्त आहे. वर्षाला थोडे किलोमीटर धावणाऱ्या मूठभर गाड्यांवर त्याचा भार टाकण्यात मात्र मला दम दिसत नाही.

या मैत्रीला खरा धोका किमतीचा आहे. इनिशियल डी या मांगातल्या ताकाहाशी बंधूंच्या पांढऱ्या आणि पिवळ्या आरएक्स-७ बघून वाढलेली पिढी आता कमावती आहे. पंचवीस वर्षं जुनी गाडी आयात करू देणाऱ्या अमेरिकी नियमामुळे जपानातल्या तिसऱ्या पिढीच्या गाड्या तिकडे वळल्या आणि भाव चढले. भाव चढलेली गाडी चालवली जात नाही, आणि चालवली नाही की बिघडत नाही, मग मालकाला कुणाला काही विचारावंही लागत नाही. पण नुसत्या उभ्या राहिलेल्या रोटरीत ओल धरते, काजळीने सील खाचेत चिकटतात, बाजूच्या लोखंडी भिंतींना गंज लागतो. गुंतवणूक म्हणून झाकून ठेवलेली ती गाडी कधी तरी विकली जाईल, आणि घेणारा चावी फिरवण्याच्या बेतात असेल. त्याला अडवणारा कुणी तेव्हा शेजारी असला तर तो एवढंच सांगेल : स्टार्टर मारू नको. आधी प्लग काढ, भोकांतून थोडं ऑइल सोड, एक-दोन दिवस थांब आणि मग पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरव, सावकाश.