जुनी मोटार आणि रबराचा तुकडा

घरांतील जुन्या मोटारीचा अभिमान सर्वांस असतो. तिची देखभाल मात्र बहुधा कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. यवतमाळ, पुसद, वणी अशा गांवीं ज्यांच्या अंगणांत वडिलांच्या काळची फियाट किंवा अँबेसिडर उभी असेल, त्या कुटुंबांसाठीं आम्ही आज एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूविषयीं लिहीत आहों. ती वस्तु म्हणजे क्लचच्या सांध्यांतील रबर.

क्लचचें काम इंजिन व गिअरबॉक्स यांना क्षणभर विलग करण्याचें. पायाचा दाब तेथवर पोंचतो तो कांहीं गाड्यांत दांड्यांनीं वा तारेनें, कांहींत तेलाच्या नळीनें. दांड्यांच्या सांध्यांत रबराचे बुश असतात, तर तेलाच्या सिलिंडरांत रबराच्या वाट्या. चार्ल्स गुडइयर यानें १८४४ सालीं गंधकाच्या योगानें रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें खरें. पण उष्णता व प्राणवायु यांपुढें तेंही अखेर कडक होऊन तडकतें. वैशाखांत पारा ४५ अंशांकडे झुकणाऱ्या या जिल्ह्यांत गाडी नुसती उभी राहिली तरी तिचें रबर म्हातारें होतें.

रबर झिजलें कीं पेडल तळाशीं पोंचूनही क्लच पुरता सुटत नाहीं. गिअर कुरकुरतो, आणि क्लच दाबलेला असतांही गाडी हळूच पुढें सरकते. फाटकाशीं मुलें खेळत असतां ही सरक केवढा अनर्थ करील, हें सुज्ञांस सांगणें न लगे.

परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून एकानें पेडल सावकाश दाबावें, दुसऱ्यानें सांध्याकडे पाहावें. पिन बुशांत हालली, पण पुढली दांडी जागची हालली नाहीं, तर बुश गेला असें समजावें. अशा वेळीं नट आवळून पेडल ताळ्यावर आणण्याचा मोह होतो. परंतु हा उपाय नव्हे, रोगावर घातलेलें पांघरूण होय. झीज आंत चालूच राहते.

बुश बदलावयाचे तर सर्व एकदम बदलावे. पिन झिजली असल्यास तीही नवी घालावी, नाहीं तर ती नवा बुश लवकरच खाऊन टाकते. साधें ग्रीस किंवा इंजिनचें तेल रबरास लावूं नये, त्यानें रबर फुगतें. तेलाच्या क्लचमध्यें गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलेंच ब्रेक ऑईल घालावें. शेवटीं पेडलची ढिलाई पुस्तकाप्रमाणें पुन्हा लावून घ्यावी. ती मुळींच न ठेविली, तर क्लच घसरून जळतो.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली. रस्त्यावरून गाडी गेली कीं तिचे सुटे भागही दुर्मिळ होतात. म्हणून बुशांचा एक जादा संच घरीं थंड, अंधाऱ्या जागीं ठेवावा. पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपांतील गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून नोंदणी देणारे नियम केंद्र सरकारनें २०२१ सालीं केले आहेत. पण नोंदणीनें क्लच सुटत नाहीं. एकत्र कुटुंबांत मोटार सर्वांची असते. तिच्या देखभालीचा भार मात्र कोणा एकाच्या नांवें, शक्य तर एखाद्या हौशी मुलाच्या वा मुलीच्या नांवें, लावून द्यावा.