अपडेट म्हणजे घराची कडी

आरमोरीसारख्या गावात शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, बँकेचा व्यवहार आता घरच्या संगणकावर होतो. तरीही पडद्याच्या कोपऱ्यात उमटणारी अपडेटची सूचना ‘नंतर’ म्हणून बाजूला सारली जाते आणि पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरलाच चिकटवलेली असते. ‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?’ हा यामागचा विचार चुकीचा आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रामने सुमारे १५० देशांतील संगणकांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्याने कुणाची श्रीमंती पाहिली नाही. फट दिसली तिथे तो शिरला. ती फट बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले, त्यांच्या संगणकात शिरण्याची ही वाट बंद झाली होती.

इंटरनेट मंद आहे, डेटा महाग पडतो, ही अडचण खरी आहे; पण अपडेट रात्री लावून ठेवता येते. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणजे त्याची नियमित मोफत अपडेटही थांबली. त्यासाठी नवा संगणक घेणे परवडत नसेल, तर उबुंटूसारखी मोफत प्रणाली जुन्या यंत्रावरही चालू शकते. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, ओटीपी कुणालाही न सांगणे आणि महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत, यांना फारसा खर्च नाही. एवढे करूनही फसवणूक झालीच, तर लाजू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवा. दाराला कडी लावून झोपणाऱ्या घराने संगणक उघडा ठेवू नये.