विमानाआधी बोगदा हवा

1901 च्या उन्हाळ्यात राइट बंधू किटी हॉकच्या वाळूवरून हिरमुसले होऊन परतले. नव्या ग्लायडरला हिशेबाच्या जेमतेम एक-तृतीयांश उचल मिळाली होती. हिशेब तर त्या काळी सगळ्यांनी मानलेल्या आकड्यांवरच केलेला होता. मग चुकले कुठे?

ते शोधायला त्यांनी डेटनमधल्या आपल्या सायकलच्या दुकानात सहा फूट लांबीची लाकडी पेटी, म्हणजेच वाऱ्याचा बोगदा (विंड टनेल), बनवली. एका टोकाला पंखा, वर काचेची खिडकी, आत करवतीची पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार जोडून केलेला तराजू. पत्र्याचे चिमुकले पंख त्यावर एकेक करून चढवायचे आणि तराजू काय सांगतो ते टिपून घ्यायचे. खोलीत कुणी हिंडले तरी झोत बिघडे, म्हणून चाचणी चालू असताना जागचे हलायचे नाही. अशा चिकाटीने सुमारे 200 आकार तपासल्यावर कळले, की आखूड-रुंद पंखापेक्षा लांब-अरुंद पंख कितीतरी सरस. 1902 चे ग्लायडर तसेच बांधले आणि ते छान तरंगले. पुढच्याच वर्षी इंजिन बसवलेले विमान उडाले.

आता संगणक असताना विंड टनेलचा खर्च कशाला, असे अधूनमधून विचारले जाते. हा प्रश्नच चुकीचा आहे. विमानाचे नाक फार वर उचलले की पंखावरचा वारा सुटतो, भोवरे उठतात. तिथे संगणकाचे उत्तर अंदाजावर उभे असते. तो अंदाज बरोबर की चूक, हे मोजल्याशिवाय ठरत नाही.

भारताला हे लवकर उमगले होते. सतीश धवन यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्वनातीत वेगाचा छोटा बोगदा उभारला. बंगळुरूच्याच राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेत 1967 मध्ये 1.2 मीटरचा बोगदा सुरू झाला. टाक्यांत दाबून भरलेली हवा एकदम सोडायची आणि काही सेकंदांत मोजमाप उरकायचे, अशी त्याची रीत. तेजस लढाऊ विमानाच्या प्रतिकृती तिथेच वाऱ्याला तोंड देऊन आल्या, आपली रॉकेटेही.

पण 1.2 मीटरच्या चौकटीत बसणारी प्रतिकृती छोटीच असणार, आणि छोट्या पंखावरचा वारा मोठ्या पंखावरच्यासारखा वागत नाही. त्यावर सरळ उपाय दोन: बोगदा मोठा करा, नाहीतर आतल्या हवेचा दाब वाढवा. दोन्हींना पैसा लागतो.

पाचव्या पिढीच्या ॲम्का लढाऊ विमानाच्या आराखड्यासाठी आणि विकासासाठी 2024 मध्ये सुमारे 15,000 कोटी रुपये मंजूर झाले. तितक्याच तातडीने केंद्राने मोठ्या, दाब वाढवता येणाऱ्या बोगद्यासाठीही स्वतंत्र तरतूद करावी.