गाजरगवत केव्हां उपटावें?

दरसाल २ आक्टोबरला शाळेचें पटांगण स्वच्छ करण्याची आमच्याकडे चाल आहे. चाल उत्तम; पण तींत एक खोट असून ती आम्हींच पुष्कळ वर्षें चालविली, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. त्या दिवशीं मुलें कुंपणालगतचें गाजरगवत हौसेनें उपटतात, फरफटत कोपऱ्यांत नेतात, आणि वाटभर त्याचें बीं पेरीत जातात! एका झाडाला हजारों बिया. त्या वाऱ्यानें, पाण्यानें, बुटाच्या तळव्यानेंही पसरतात. शिवाय गेल्या वर्षीं आठवींतील एका मुलाचे हात व मान पुरळानें लाल झालीं. या गवताच्या स्पर्शानें कित्येकांस खाज सुटते, परागानें शिंका व दमा होतो. आणि एकदां बाधा झालेल्यास पुढें थोडासा स्पर्शही पुरतो.

हें गवत मूळचें अमेरिकेंतील. सन १९५५ च्या सुमारास पुण्यास तें प्रथम लोकांच्या नजरेंत भरलें. परदेशच्या गव्हाबरोबर आलें अशी सर्वत्र समजूत आहे. आज दहिसर नदीचा कांठ घ्या, रुळांची कड घ्या, तें दिसतेंच. पांढरीं बारीक फुलें आल्यावर कोणीही ओळखील. खरी परीक्षा त्यापूर्वींची: गाजरासारखीं चिरलेलीं पानें तेव्हां जमिनीसरशीं चक्राकार पसरलेलीं असतात.

बायबलच्या तासाला एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, दाखल्यांतला धनी निदण कापणीपर्यंत राहूं द्या म्हणतो; मग आपण कां उपटतों?" प्रश्न मार्मिक खरा. पण धन्यास चिंता होती गव्हाच्या मुळांची. आमच्या कुंपणाशीं गहूं कोठें आहे? येथें कापणीची वाट पाहणें म्हणजे बियांची वाट पाहणें.

उगवल्यापासून महिना-दीड महिन्यांत हें गवत फुलूं लागतें. म्हणून शाळा उघडल्यावर जूनच्या अखेरीस, माती मऊ असतां, तें मुळासकट काढावें. आणि सर्व बीं एकदम रुजत नसल्यामुळें पाऊस संपेपर्यंत दर पंधरवड्यास पुन्हां पाहावें. फुलावर आलेलें काढणें भाग पडलेंच तर जागच्या जागीं पोत्यांत भरावें. मेक्सिकोचा एक भुंगेरा १९८४ सालीं बंगळूरास याच कामीं सोडण्यांत आला. तो पानें खातो, परंतु त्याच्यावर सर्व भार टाकून चालत नाहीं. त्यापेक्षां मोकळ्या झालेल्या जागीं टाकळ्याचें बीं टाकावें; तो दाट वाढून गाजरगवतास दडपतो, आणि त्याची कोंवळी भाजी आपल्या घरच्या मंडळींस ठाऊकच आहे.

२ आक्टोबरला कागद-कचरा खुशाल वेंचावा. गवताचा दिवस मात्र जूनांत असावा, अशी आमची सूचना आहे. त्या दिवशीं पालकांनीं मुलांस लांब बाह्यांचा सदरा व हातमोजे देऊन पाठवावें, आणि ज्यास दमा आहे त्याच्याबरोबर तशी चिठ्ठी द्यावी. त्याच्याकडे टाकळ्याच्या बियांचें काम देऊं.