ठिणगी पडली असती तर?



सिडकोच्या उड्डाणपुलापाशी १ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे स्वयंपाकाच्या गॅसचा टँकर दुभाजकावर आदळला आणि गॅस गळू लागला. जालना रोड बंद झाला, परिसराची वीज तोडली, गॅस पेटवू नका असे लोकांना सांगण्यात आले. अग्निशमन दलाचे जवान तासन्‌तास पाणी मारीत राहिले. एरवी वीज गेली की आम्ही बोटे मोडतो!

उघड्यावरचा गॅस, वाऱ्याने गेला असता, एवढा बाऊ कशाला, असे काही बंधू म्हणतात. कारखान्यातल्या नळांच्या गर्दीत स्फोट होतो हे नागोठण्याने ५ नोव्हेंबर १९९० ला दाखवले. तिथे तीसहून अधिक माणसे गेली. पण उघड्यावर?

इंग्लंडात बन्सफील्डच्या डेपोत ११ डिसेंबर २००५ ला टाकी भरून वाहिली, पेट्रोलची वाफ पसरली आणि मोठा स्फोट झाला. तज्ज्ञ चक्रावले. संशय गेला रस्त्याकडेच्या झाडाझुडपांवर! मग स्पेडअ‍ॅडम येथे झाडांच्या रांगा उभ्या करून, वर प्लॅस्टिक घालून, आत गॅस भरून पेटवला. मोकळ्यात सावकाश चालणारी ज्योत फांद्यांत शिरताच फाटते, गॅस ढवळते. ढवळलेला गॅस भराभर जळतो आणि पुढच्याला आणखी रेटतो. असा वेग वाढत शेवटी सेकंदाला सुमारे १८०० मीटरवर जातो. मग तो जाळ राहत नाही, त्याला डेटोनेशन म्हणतात. प्रयोगात ते घडले.

आता आमच्या गल्ल्या आठवा. हातगाड्या, रिक्षा, पत्र्याचे आडोसे, एकाला एक लागून घरे. सगळीच अडचण! त्या पहाटे वीज तोडली ते योग्यच केले.

घरातही तेच. हवेच्या शंभर भागांत दोन भाग गॅस मिसळला तरी तो पेटतो. वास आला तर विजेचे बटण लावू नये, बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, पोरांना घेऊन बाहेर पडावे आणि बाहेरूनच १९०६ ला फोन करावा. भगिनींनो, हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढची मेणबत्ती वर फळीवर असते, म्हणून तिचा विसर पडतो. आधी ती विझवावी.