जागा भाड्याने देताना



भात घरात आले, वाल पेरून झाले, आणि आता आपल्या पनवेल तालुक्यात दुसराच हंगाम सुरू होतो. मोटारीतून माणसे येतात, पड खाचर पाहतात आणि म्हणतात, "काका, मुरूम आम्ही टाकून घेऊ, दरमहा रोख भाडे देऊ." कोणाला गोदाम हवे असते, कोणाला कंटेनर ठेवायला यार्ड. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले तेव्हापासून हे चालले आहे आणि त्यात गैर काही नाही. एकरभर भातात हाती काय राहते ते तुम्ही मला सांगायला नको. पण आज बियाणे-खतांचे राहू द्या. या भाड्याविषयीच थोडे बोलू.

जुलै २०२२ मध्ये आपल्याच तालुक्यातील अजिवली येथे एका यार्डात नवी मुंबई पोलिसांनी दुबईहून आलेला एक कंटेनर तपासला. तो कित्येक महिने तेथे पडून होता. आत फरशा होत्या, आणि त्यांत काहीच नव्हते. दरवाजाची लोखंडी चौकट कापली तेव्हा आतून साडेबहात्तर किलो हेरॉईन निघाले. किंमत सुमारे ३६२ कोटी रुपये. खबर दिली होती पंजाबच्या पोलिसांनी.

आपण म्हणाल, कुठे पंजाब आणि कुठे अजिवली! तर ऐका. पंजाबची साडेपाचशे किलोमीटर हद्द पाकिस्तानला लागून आहे. तेथे तारेचे कुंपण आहे आणि हजारो एकर शेती कुंपणापलीकडे, पण आपल्याच हद्दीत आहे. त्या शेतकऱ्याला स्वतःच्या रानात जायचे तर ओळखपत्र दाखवायचे, फाटक उघडण्याची वाट पाहायची, जवानांच्या देखरेखीखाली नांगरायचे आणि सांगितलेल्या वेळी परत फिरायचे. ऊस, मका अशी उंच पिके घेण्यावर बंधने, कारण त्यांच्या आडोशाने माणूस लपतो. आता तर कुंपणावरून ड्रोन येतात. २०२४ साली एकट्या पंजाबच्या सीमेवर सीमा सुरक्षा दलाने जवळपास तीनशे ड्रोन पकडले. त्यांतून हेरॉईनच्या पुड्या पडतात, तशी पिस्तुलेही पडतात. पुडी विकणारा आणि पिस्तूल चालवणारा यांची वाट एकच झाली, की गावात काय होते ते तरनतारन, अमृतसरकडच्या लोकांना विचारावे.

जमिनीवरची वाट अवघड झाली की माल समुद्राने येतो, आणि समुद्राचे मोठे दार आपल्या अंगणात आहे. ऑगस्ट २०२० मध्ये न्हावा-शेव्याला १९१ किलो हेरॉईन सापडले. नळ्यांना बांबूसारखा रंग दिलेला आणि कागदावर आयुर्वेदिक औषध. जुलै २०२१ मध्ये इराणहून आलेल्या दगड-पावडरीच्या मालातून सुमारे तीनशे किलो निघाले. तो माल तरनतारनकडे जायचा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी येथे बावीस टनांचा ज्येष्ठमधाचा कंटेनर धरला, मुळ्यांवर हेरॉईनचा लेप चढवलेला. पुढच्याच महिन्यात वाशीला परदेशी संत्र्यांच्या ट्रकात १९८ किलो मेथ आणि नऊ किलो कोकेन, मग बंदरात सफरचंद-नासपतीच्या पेट्यांत पन्नास किलो कोकेन. ज्येष्ठमध, संत्री, सफरचंद! शेतमालाच्या आडून हा धंदा चालतो याचा मला, शेतीखात्यातला माणूस म्हणून, विशेष राग येतो.

हे पीकही अखेर शेतकऱ्याच्याच हातचे. अफूच्या बोंडाला संध्याकाळी चिरा देतात आणि सकाळी चीक खरवडून घेतात. अशा सुमारे दहा किलो चिकाचे एक किलो हेरॉईन होते. मधल्या हातांनी कोटी कमावले तरी चीक काढणारा अफगाण कुणबी कर्जातच. तेथे २०२२ साली लागवडीवर बंदी आली आणि पुढच्या वर्षी ती पंचाण्णव टक्क्यांनी घटली. पण रसायनांपासून होणाऱ्या मेफेड्रोनला, म्हणजे ज्याला पोरे एमडी म्हणतात त्याला, शेतच लागत नाही. त्याला शेड लागते. डिसेंबर २०२३ मध्ये खोपोलीजवळ ढेकू येथे आणि मार्च २०२४ मध्ये सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळच्या इरळी येथे असे कारखाने पोलिसांनी उघडकीस आणले. इरळी हे शेतीचे गाव आहे, हे ध्यानात घ्या.

आपल्या जिल्ह्याला याचा एक कडू धडा मिळालेला आहे. श्रीवर्धनकडे पूर्वी चांदी-सोने उतरायचे. चार पैसे घेऊन डोळे मिटणारे किनाऱ्यावरही होते आणि सरकारी खुर्चीतही. १९९३ च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला त्याच वाटेने, त्याच सवयीने माल उतरला. त्यात शस्त्रे आणि आरडीएक्स होते. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. पुढे खटल्यात कस्टम व पोलीस खात्यातील माणसांनाही शिक्षा झाल्या.

आता कायद्याचे. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे. जाणूनबुजून आपले घर, शेड, आवार किंवा वाहन अशा कामाला वापरू दिले, तर मालकाला गुन्हेगाराइतकीच शिक्षा. एमडी पन्नास ग्रॅम किंवा हेरॉईन अडीचशे ग्रॅम भरले तरी दहा ते वीस वर्षे तुरुंग, लाखाच्या वर दंड, आणि जामीन फार कठीण. "मला ठाऊक नव्हते" हे न्यायालयात तुम्हालाच सिद्ध करावे लागते. टेम्पो धरला गेला तर तोही जप्त होतो. रानात कोणी तुरीत-उसात गांजा लावला असेल, तर ते ताबडतोब कळवणे जमीनधारकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. सरपंच आणि गावकामगारांचेही आहे.

तेव्हा भाडेकरार लेखी करा आणि नोंदवा. समोरच्याचे आधार, पॅन आणि मालाचा प्रकार लिहून घ्या, प्रत पोलीस ठाण्यात द्या. जागेत केव्हाही येऊन पाहण्याचा हक्क करारात राखा. जो एवढ्यावर कुरकुर करील, त्याला खुशाल परत पाठवा. बाजारभावाच्या दुप्पट भाडे आणि तेही रोख, असे कोणी म्हणाले तर मनात पाल चुकचुकली पाहिजे. रात्रीच भट्टी चालते, उग्र वास येतो, निळे पिंप येतात-जातात, शेडच्या खालच्या अंगाला भात करपते, ओढ्यातले मासे तरंगतात. या गोष्टी घरच्या बायामाणसांना आणि गुराख्यांना आधी दिसतात. आक्का, वहिनी, तुम्ही बोललात तर घरच्यांनी "तुला काय कळते" म्हणू नये.

आत शिरून पाहायला मात्र कोणी जाऊ नका. ती माणसे सुरा-बंदूक बाळगून असतात आणि रसायने अंगावर येतात. पोलीस पाटलाला सांगा, किंवा १९३३ हा केंद्र सरकारचा नंबर फिरवा. तो २०२४ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत आणि नाव न सांगताही खबर देता येते.