साडेचार मिलिमीटरचा प्रश्न

डब्लिनमधल्या एका छोट्या प्रदर्शनात मी माझं पहिलं पितळी इंजिन मांडलं होतं. 'जे १५' जातीचं, वाफेचं. कोरलेल्या पत्र्याचे भाग जोडून, कानशीने घासून, काळा रंग देऊन तयार केलेलं. सात महिन्यांचे शनिवार-रविवार त्यात गेले होते. एक वृद्ध गृहस्थ टेबलापाशी थांबले. तरुणपणी ते याच इंजिनांवर फायरमन होते. त्यांनी इंजिन बाजूने पाहिलं आणि मान डोलावली. मग वाकून, डोळे टेबलाच्या पातळीला आणून, समोरून पाहिलं. म्हणाले, "काम सुरेख आहे, पण हे आमचं इंजिन नाही. आमचं इंजिन पाय फाकवून उभं राहायचं."

त्यांचं बरोबर होतं. माझी चूक साडेचार मिलिमीटरची होती.

हिशेब सोपा आहे. या प्रतिकृती एका फुटाला चार मिलिमीटर या मापाने करतात. आयर्लंडचा रुंद रूळमार्ग पाच फूट तीन इंचांचा, म्हणजे प्रतिकृतीत दोन रुळांमधलं अंतर २१ मिलिमीटर हवं. दुकानात तयार मिळणारा रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा असतो. त्याच मापाने मोजलं तर तो चार फूट दीड इंच भरतो. म्हणजे माझं इंजिन मी खऱ्यापेक्षा साडेतेरा इंच अरुंद रुळांवर उभं केलं होतं. बॉयलर बरोबर, धुराडं बरोबर, पण खाली चाकं आक्रसलेली.

"कोण बघतंय?" असं मला अनेकांनी समजावलं. माझं मत त्या दिवसापासून पक्कं आहे: ऐतिहासिक इंजिनाची प्रतिकृती म्हणून जे लोकांसमोर मांडायचं, त्याची रुळांची रुंदी खरी असली पाहिजे. कारण त्या रुंदीतच त्या देशाचा रेल्वेचा इतिहास आहे.

आयर्लंडमधली पहिली रेल्वे डब्लिन ते किंग्जटाउन, १८३४ची. तिचे रूळ इंग्लंडसारखे चार फूट साडेआठ इंचांवर टाकलेले. बेलफास्टहून निघालेल्या अल्स्टर रेल्वेने सहा फूट दोन इंच निवडले. डब्लिन-ड्रॉहेडा कंपनीने पाच फूट दोन इंच. एका लहानशा बेटावर तीन कंपन्या आणि तीन मापं! वाद मेजर जनरल पास्ली यांच्याकडे गेला. त्यांनी मधलं माप सुचवलं आणि १८४६च्या कायद्याने पाच फूट तीन इंच पक्के झाले. अल्स्टर रेल्वेला आपले टाकलेले रूळ उखडून पुन्हा टाकावे लागले. एवढ्या भांडणातून ठरलेलं माप आम्ही केवळ दुकानात मिळत नाही म्हणून सोडून द्यायचं?

मी 'जे १५' निवडलं याचंही कारण आहे. आयर्लंडची वाफेची राणी कोण, असं विचारलं तर सगळे '८०० मेव्ह'चं नाव घेतात. १९३९ साली डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यात बांधलेलं, तीन सिलिंडरचं, पाट्यांवर आयरिश लिपीतलं नाव असलेलं देखणं इंजिन. तिच्या जातीची फक्त तीन इंजिनं झाली. कॉर्कच्या वेगवान गाड्यांसाठी ती बांधली, पण लगेच महायुद्ध आलं, इंग्लंडहून येणारा चांगला कोळसा आटला आणि तिचा वेग दाखवायला जागाच उरली नाही. 'मेव्ह' आज बेलफास्टजवळ कल्ट्राच्या संग्रहालयात आहे. ती जरूर पाहावी.

पण देश चालवला तो 'जे १५'ने. अलेक्झांडर मॅकडॉनल यांच्या देखरेखीखाली १८६६ साली या जातीचं पहिलं इंजिन झालं, शेवटचं १९०३ साली. एकूण १११. सहा चाकांचं, साधं. मालगाडी ओढायचं, गुरांची गाडी ओढायचं, वेळ पडली तर प्रवासी गाडीही. वाफेचे दिवस सरेपर्यंत यातली कित्येक कामावर होती. आज दोनच उरली आहेत, १८४ आणि १८६. कष्टकऱ्याचा पुतळा सहसा कोणी उभारत नाही. प्रतिकृती करणाऱ्याने तरी ते करावं.

माझे बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. कानस कशी धरायची ते त्यांनी मला स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी शिकवलं. आता इथे आयर्लंडमध्ये मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली सोल्डरिंग करते, संध्याकाळी तेच हात इंजिनाला लागतात. त्या गृहस्थांच्या बोलण्यानंतर मी दुसरं 'जे १५' हाती घेतलं, २१ मिलिमीटरचं.

सांगाड्याच्या दोन पितळी पट्ट्या घ्यायच्या. मधले आडवे तुकडे किटमध्ये येतात ते अरुंद रुळांसाठी, म्हणून ते बाजूला ठेवून नवे कापायचे. गुण्या लावायचा, फ्लक्सचा थेंब सोडायचा, तापलेलं टोक टेकवायचं. कथील चमकून सांध्यात ओढलं गेलं की हात काढायचा. मग सांगाडा जाड काचेवर ठेवून चारही कोपरे बोटाने एकेक करून दाबायचे. 'टक्' असा बारीक आवाज आला, तर सांगाड्याला पीळ आहे. पुन्हा तापवायचं, पुन्हा जोडायचं. माझ्या सांगाड्याने तीनदा 'टक्' केलं. चौथ्यांदा काच गप्प राहिली.

आणि तेव्हा एक गोष्ट मला उमगली, जी कुठल्याही चित्रावरून कळली नसती. 'जे १५'चे सिलिंडर बाहेर दिसत नाहीत, ते सांगाड्याच्या आत असतात. दांडे, वाकडा आस, पुढे धुराड्याखालचा सिलिंडरचा ठोकळा, मागे भट्टी, हे सगळं दोन चाकांच्या मधल्या जागेत बसवायचं असतं. अरुंद सांगाड्यात त्याची दाटी होते. रुंद सांगाड्यात ते आपापल्या जागी बसतं. अंतर वाढलं की भट्टीला रुंदी मिळते, कारागिराच्या हाताला वाव मिळतो. रुळांचं माप म्हणजे इंजिनाच्या पोटातली जागा. ते बदललं की इंजिनच बदलतं.

विरोधी मतही खरं आहे. २१ मिलिमीटरचा रूळ बहुधा स्वतः बांधावा लागतो, आस वेगळे लागतात, आणि मित्राच्या रुळांवर आपलं इंजिन धावत नाही. शाळकरी मुलाने १६.५वर सुरुवात केली, तर मी त्याला शाबासकीच देईन. माझं म्हणणं प्रदर्शनात आणि संग्रहालयात मांडणाऱ्यांशी आहे. खरी रुंदी जमत नसेल तर निदान पाटीवर तसं लिहा.

कारण उद्या साक्षीला प्रतिकृतीच उरते. इंचिकोरमध्ये ड्राफ्ट्समन असलेले सिरिल फ्राय यांनी आयुष्यभर आयरिश रेल्वेच्या प्रतिकृती घडवल्या. आज त्या डब्लिनजवळ मॅलाहाइडला पाहायला मिळतात. त्यांतल्या अनेकींची मूळ इंजिनं केव्हाच भंगारात गेली.

आपल्याकडेही प्रश्न हाच आहे. बाबा ज्या रुळांवरची चाकं तपासत, ते साडेपाच फुटांचे. चार मिलिमीटरच्या मापाने ते २२ होतात, आणि तिथेही हाताशी असतो तो १६.५चाच रूळ. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, नागपूरला मोतीबागेत नॅरो गेजचं. ती पाहून घरी परतलेल्या एखाद्या मुलीला वाटेल, आपणही एक इंजिन करावं. तिला खरी मापं कोण देणार?

म्हणून विनंती आहे, विशेषतः निवृत्त फिटर, टर्नर आणि आयटीआयच्या शिक्षकांना. तुमच्या गावच्या स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर वाफेचं इंजिन उभं असेल, तर रीतसर परवानगी काढून विद्यार्थ्यांना घेऊन जा. मोजपट्टी, वही आणि कॅमेरा न्या. चाकाचा व्यास, चाकांमधलं अंतर, बॉयलरची उंची लिहून काढा. आणि सगळ्यात आधी समोर उभं राहून दोन चाकांमधली रुंदी मोजा.